बोटांना काटकोन शिकवताना: फिंगर टटिंग घरच्या घरी

फिंगर टटिंगचा, म्हणजे बोटं आणि मनगटं काटकोनात वळवत करायच्या नाचाचा, एखादा व्हिडिओ पाहिला की पहिल्यांदा वेगच डोळ्यांत भरतो. तोच व्हिडिओ पाव वेगाने लावून बघा. दहातली बहुतेक बोटं जागच्या जागी असतात. एखादाच सांधा वळतो, काटकोनात येऊन थांबतो, मग दुसरा वळतो. न हलणारी बोटं खरोखर स्थिर ठेवता येणं हे या नाचाचं निम्मं शिक्षण आहे आणि उरलेलं निम्मं म्हणजे मोजणी. वेग सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या मागे लागायचं कारण नाही. शिकवण्याच्या नावाखाली फिरणारे बरेच व्हिडिओ मात्र वेगापासूनच सुरुवात करतात. त्यामुळे शिकणाऱ्याची बोटं भरभर हलतात, पण आकार एकही दिसत नाही.

खाली क्रमाने सगळं दिलं आहे. आधी एक हात, मग दोन्ही हात, मग आठ मात्रांची एक छोटी रचना आणि शेवटी कॅमेरा.

हे आलं कुठून

टटिंग हा पॉपिंगच्या, म्हणजे स्नायू झटक्यात आवळून सोडत करायच्या रस्त्यावरच्या नाचाच्या, घराण्यातला प्रकार. पॉपिंग वाढलं अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, 1970च्या दशकात. फ्रेस्नो शहरातल्या बूगलू सॅम या नर्तकाने 1977 मध्ये सुरू केलेला आणि पुढे ‘इलेक्ट्रिक बूगलूज’ या नावाने गाजलेला गट त्याच काळातला. त्याच सुमाराला, 1976 ते 1979 या वर्षांत, तुतानखामेनच्या थडग्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन अमेरिकेतल्या एकेका मोठ्या शहरात मुक्काम करत फिरत होतं. 1978 मध्ये ते लॉस एंजेलिसला होतं. त्या राजाचं तिकडचं लाडकं नाव ‘किंग टट’. इजिप्तच्या भिंतींवरच्या चित्रांतली माणसं आपण शाळेच्या इतिहासात पाहिलेली आहेत: खांदे समोर, चेहरा बाजूला, हात कोपरात आणि मनगटात वळवलेले. तीच ढब रस्त्यावर नाचणाऱ्या पोरांनी उचलली, सगळं काटकोनात बसवलं आणि राजाचं नाव त्या नाचाला चिकटलं.

सुरुवातीला हा खेळ पूर्ण हातांचा होता. पुढे तीच भूमिती मनगटाच्या पलीकडे, बोटांत सरकली. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या रेव्ह पार्ट्यांमध्ये ‘डिजिट्स’ नावाचा बोटांचा एक वेगळा, जास्त वळणदार नाच होताच, त्याचीही छाया यावर पडली. मात्र जगभर पसरायला यूट्यूब यावं लागलं, कारण हा नाच रंगमंचाच्या दहाव्या रांगेतून दिसतच नाही. तो छातीएवढ्या चौकटीत मावतो, म्हणजे फोनच्या पडद्यावर बरोबर बसतो. लॉस एंजेलिसच्या जेफंक या नर्तकाला सॅमसंगने 2011 मध्ये गॅलॅक्सी एस-टू या फोनच्या जाहिरातीत घेतलं, त्यामागे हेच असावं. 2016च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ या सिनेमात मंत्र टाकताना हातांच्या ज्या खुणा दिसतात, त्याही याच जेफंकने बसवून दिल्या होत्या.

तयारी

खर्च शून्य. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, बाह्या कोपरापर्यंत सरकवा, नखं कापा. लांब नखांनी पेरांची लांबी फसवी दिसते आणि दोन हातांची टोकं नीट टेकत नाहीत. एक आरसा, एक टेबल, फोनमध्ये मेट्रोनोमचं (ठरावीक वेगाने ठोके देणारं) एखादं फुकट ॲप आणि कंपासपेटीतला गुण्या एवढं पुरे. गुण्या थट्टेने म्हणत नाही, तो लागणार आहे. मे महिन्यात तळवे घामेजत असतील तर थोडी पावडर लावा. हात एकमेकांवरून घसरवायचे असतात, तिथे चिकटले की हालचाल अडखळते.

अनामिका का ऐकत नाही

सराव सुरू करण्याआधी हाताची रचना थोडी कळली तर पुढची बरीच चिडचिड वाचते.

बोटांमध्ये हालचाल करणारे स्नायू नसतातच. ते तळव्यात आणि कोपर-मनगटाच्या मधल्या भागात असतात, तिथून कंडरा निघतात आणि बोटांना ओढतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग पकडा आणि उजवी बोटं हलवा, आत वळवळ जाणवेल. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला तीन सांधे: तळव्याजवळचा, मधला आणि नखाजवळचा. या लेखात त्यांना मूळ, मध्य आणि टोक म्हणू. अंगठ्याच्या बोटभागात सांधे दोनच.

तळवा टेबलावर ठेवा, मधलं बोट मुडपून तळव्याखाली घ्या आणि आता अनामिका उचलून बघा. उचलली जात नाही, किंवा जेमतेम हलते. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि मधल्या बोटाने खाली ओढून धरलं की अनामिकेची दोरी सैल सुटत नाही. मिटतानाही तेच. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना वाकवणारा खोलवरचा स्नायू मोठ्या प्रमाणात सामाईक आहे. म्हणून करंगळी वाकवली की अनामिका तिच्यामागे निघते. हा तुमच्या बोटांचा आळस नव्हे. सरावाने यात फरक पडतो, पण पूर्ण स्वातंत्र्य कुणालाच मिळत नाही. चांगले नर्तक दुसऱ्या हाताचा टेकू घेऊन किंवा बोट जोडीदार बोटाला चिकटवून ही उणीव लपवतात. ही लपवाछपवी पुढे आपणही शिकणार आहोत.

आणखी एक मर्यादा. बहुतेकांना फक्त टोकाचा सांधा वेगळा वाकवता येत नाही, मध्य त्याच्याबरोबर वाकतोच. त्यामुळे फिंगर टटिंगचे जवळजवळ सगळे काटकोन मूळ, मध्य आणि मनगट या तीन ठिकाणी होतात. एवढी तीनच ठिकाणं सांभाळायची आहेत.

आधी हात गरम करा

थंड हाताने सुरुवात करू नका. थंडीत कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरले तरी चालतं. मग मनगटं दोन्ही दिशांनी सावकाश फिरवा, बोटं पूर्ण पसरा, मूठ मिटा, असं आठ-दहा वेळा.

त्यानंतर पुढची साखळी करा. शस्त्रक्रियेनंतर बोटांच्या कंडरा मोकळ्या राहाव्यात म्हणून फिजिओथेरपीत हाच क्रम करून घेतात, आणि योगायोगाने टटिंगचे मूळ आकारही यातच आहेत:

1. सरळ: मनगट ताठ, बोटं जुळलेली, अंगठा तर्जनीला चिकटलेला.
2. आकडा: मूळ सरळच ठेवून मध्य आणि टोक वाकवा. बोटांचा हुक होतो.
3. पूर्ण मूठ.
4. छप्पर: मूळ काटकोनात वाकलेलं, पण मध्य आणि टोक एकदम सरळ. बाजूने पाहिलं तर हात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा दिसतो.
5. सपाट मूठ: मूळ आणि मध्य वाकलेले, टोक सरळ, बोटांची टोकं तळव्याच्या बुडाला टेकलेली.

प्रत्येक आकारातून परत ‘सरळ’वर या, मग पुढचा आकार घ्या.

दुखण्याबद्दल इथेच सांगतो. स्नायूला ताण बसल्यासारखं वाटणं ठीक. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या आल्या, बधिरपणा आला, तर त्या दिवसाचा सराव बंद. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी मज्जातंतू जाते. मनगट टोकापर्यंत वळवून धरलं की तिथे दाब वाढतो. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं पूर्ण वाकवायची आणि मिनिटभर थांबायचं, ही त्या मज्जातंतूची डॉक्टरांची तपासणीच आहे. त्यावरून टोकाच्या स्थितीत मिनिटभर थांबणं म्हणजे काय ते लक्षात येईल. नाचताना अशा ठिकाणी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. मुंग्या वारंवार येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

पहिली पायरी: छप्पर

माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ या एका आकाराला द्यावा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

उजवा हात छातीसमोर आडवा धरा, तळवा जमिनीकडे, बोटं डावीकडे. आता मुळातून बोटं खाली वाकवा, फक्त मुळातून. आता गुण्या घ्या आणि मुळाच्या आतल्या बाजूला लावून बघा. बहुतेकांचा कोन साठ-सत्तर अंशांवर अडकतो आणि तो नव्वद आहे असं दाखवण्यासाठी मध्य हळूच वाकतो. कॅमेरा हे लगेच पकडतो, कारण बोटांची कड सरळ रेषा राहत नाही. मधल्या सांध्याच्या वरच्या बाजूला दुसऱ्या हाताचं बोट हलकेच ठेवा, म्हणजे तो वाकला की कळेल.

काहींची बोटं उलट दिशेला, म्हणजे मागच्या बाजूला लवतात. लवचीकपणा म्हणून त्याचं कौतुक होतं, पण इथे ती अडचण आहे, कारण रेषा धनुष्यासारखी दिसते. अशांनी बोटं ताणून सरळ करायच्या ऐवजी ‘जवळजवळ सरळ’ ठेवायची.

छप्पर जमलं की अंगठ्याकडे बघा. तो सुटून बाहेर आला असेल. अंगठा तर्जनीच्या कडेला चिकटून राहणं ही वेगळी शिस्त आहे, आणि ती मोडली की बाकी सगळं बरोबर असूनही हात गबाळा दिसतो.

दुसरी पायरी: मनगटाची बिजागरी

नमस्काराची मुद्रा घ्या, पण कोपरं बाजूला उचला. दोन्ही हातांचे कोपर-मनगट भाग मिळून जमिनीला समांतर एकच आडवी रेषा झाली पाहिजे आणि बोटं सरळ वर. मनगटात काटकोन. सगळ्यांना पूर्ण नव्वद अंश मिळत नाहीत. तेव्हा हात छातीपासून थोडे दूर न्या आणि कोपरं किंचित खाली सोडा. समोरून बघणाऱ्याला तो काटकोनच दिसेल. टटिंग समोरून बघायचा नाच आहे, प्रत्यक्ष कोनापेक्षा दिसणारा कोन महत्त्वाचा.

आता उजवा हात डाव्याच्या किंचित पुढे घ्या आणि उजवं मनगट सरळ करा म्हणजे हात डावीकडे आडवा पडेल, आणि पुन्हा उभं करा. डावा हात या वेळात इंचभरही हलता कामा नये. मग डाव्याने तेच. कंटाळवाणं आहे. पण आरशासमोर केलं तर दुसऱ्याच फेरीत कळतं की ‘स्थिर’ हात सारखा थरथरत, सरकत असतो. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि ठोक्याला एक हालचाल करा. सेकंदाला एक. यापेक्षा जोरात करू नका.

तिसरी पायरी: चौकट

फिंगर टटिंगचा सगळ्यात ओळखीचा आकार हाच. डावा हात छातीसमोर, तळवा वर, बोटं उजवीकडे, मग मुळातून छप्पर करून बोटं वर उभी. उजवा हात त्याच्या वर, तळवा खाली, बोटं डावीकडे, मग छप्पर करून बोटं खाली. डाव्या हाताच्या बोटांची टोकं उजव्या तळव्याच्या बुडाला, मनगटाजवळ टेकतात. उजव्याची टोकं डाव्या तळव्याच्या बुडाला. समोरून बघितलं तर मधे चौकोनी खिडकी. दोन तळवे ही वरची आणि खालची बाजू, बोटांच्या दोन ओळी म्हणजे उभ्या बाजू.

ही चौकट नेहमी आडवी लांबट होते, कारण तळवा बोटांपेक्षा थोडा लांब असतो. हात एकमेकांत थोडे सरकवून, टोकं अगदी मनगटावर न टेकवता तळव्याच्या आत बोटभर घेतली की चौरस मिळतो. कुणाचं बोट लांब, कुणाचा तळवा रुंद. आपापलं माप आरशात शोधायचं. अंगठ्यांकडे परत लक्ष द्या. या स्थितीत डावा अंगठा बघणाऱ्याच्या बाजूला येतो आणि उजवा तुमच्या बाजूला. डावा सुटला तर खिडकीच्या तोंडावरच दिसतो.

चौकट जमली की ती न मोडता डावीकडे-उजवीकडे सरकवा, वर-खाली न्या, मग एका बाजूला कलंडवा. हात मिळून एकच घन वस्तू आहे असं दिसायला हवं.

चौथी पायरी: पहिली आठ मात्रांची रचना

पॉपिंगची सगळी मोजणी आठाची असते. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. केहरवा आठ मात्रांचाच आहे, लेझीमची पावलं घातलेल्यांच्या अंगात तो आधीच असतो. खालची रचना नमस्कारातून सुरू होते आणि चौकटीवर संपते. एकेक मात्रा वाचा, करा, थांबा.

एक: नमस्कार. कोपरं बाजूला, बोटं वर.

दोन: उजवा हात डाव्यावरून घसरत वर जातो, उजव्या बोटांची मुळं डाव्या बोटांच्या टोकांच्या उंचीला येईपर्यंत. उजवं कोपरही तेवढंच वर जातं, नाहीतर मनगटातला कोन बिघडतो. डावा हात खिळलेला.

तीन: उजवी बोटं मुळातून डावीकडे वळतात आणि डाव्या बोटांच्या टोकांवर झाकण बसतं.

चार: डावं मनगट सरळ होतं. हात उजव्याच्या समोरून आडवा पडतो, बोटं उजवीकडे, तळवा खाली. पडता पडता डावं कोपर अर्धा तळवा बाहेर सरकतं. उजवा हात, झाकणासकट, हवेत तसाच.

पाच: आता उजवं मनगट सरळ. यातली गंमत अशी की बोटांना काहीच करायचं नाही. छप्पर तसंच राहतं, फक्त मनगट फिरतं, आणि डावीकडे बघणारी बोटं आपोआप खाली बघू लागतात. उजवं कोपरही अर्धा तळवा बाहेर. उजवी टोकं डाव्या मनगटाजवळ येऊन टेकतात.

सहा: डावा हात जागच्या जागी उलटतो, तळवा वर. उजवी टोकं यासाठी क्षणभर केसभर उचलावी लागतात.

सात: डावी बोटं मुळातून वर. चौकट पूर्ण.

आठ: थांबा, पूर्ण मात्राभर.

आठव्या मात्रेला बहुतेक जण पुढच्याची घाई करतात. थांबणं हीसुद्धा हालचालच आहे, तीही मोजून करायची. आणि प्रत्येक मात्रेत नेमकं काय हललं ते बघा: बहुतेक ठिकाणी एकच हात, एकच सांधा. नवीन काही बसवताना हाच नियम लावा. एका मात्रेत दोन गोष्टी हलत असतील तर तिचे दोन तुकडे करा. दोन हात एकाच वेळी हलवणं चुकीचं नाही, पण ते मुद्दाम ठरवून केलेलं असावं.

रचना पाठ झाली की उलटी करा: चौकटीपासून नमस्कारापर्यंत, आठवरून एककडे. मग दोन्ही जोडा, सोळा मात्रा झाल्या. त्यानंतर डाव्या-उजव्याची अदलाबदल करून तेच. डावरा हात पुढे असला की सगळं नवीन वाटतं, पण हे टाळलं तर कायम एकाच बाजूने लंगडा नाच होतो.

वेग वाढवायचा तो असा: 60 ठोक्यांवर सलग चार वेळा न चुकता झालं तर 70. तिथे बिघडलं तर 65. 90 ते 100च्या आसपास बहुतेक फंक आणि हिप-हॉपची गाणी सुरू होतात, तिथे पोचलात की गाणं लावा. त्याआधी गाणं लावलं की तुम्ही गाण्याच्या मागे पळता.

ज्यांना आठाचा कंटाळा येईल त्यांनी हीच रचना दादऱ्याच्या सहा मात्रांत बसवून पाहावी. दोन मात्रा कुठे गाळायच्या किंवा कुठली दोन कामं एकत्र करायची, हे ठरवताना आपण पाठांतरातून बाहेर येतो.

बोटं फोडणं

इथपर्यंत चार बोटं एक फळी म्हणून हलत होती. आता त्यांना वेगळं करायचं. आधी दोन-दोन: तर्जनी आणि मधलं एकत्र, अनामिका आणि करंगळी एकत्र, मधे फट. मग पहिली जोडी सरळ ठेवून दुसरी जोडी मुळातून वाकवा. दुसरी जोडी सरळ ठेवून पहिली वाकवणं जास्त अवघड.

भरतनाट्यम शिकलेल्यांना इथे मोठा फायदा आहे. पताक (चारही बोटं जुळवून सरळ), मग अनामिका वाकवून त्रिपताक, मग करंगळीही वाकवून अर्धपताक, आणि उलट क्रमाने परत, हा अनामिकेसाठी माझ्या पाहण्यातला सर्वोत्तम व्यायाम आहे. नाट्यशास्त्रात एका हाताच्या 24 आणि दोन्ही हातांच्या 13 मुद्रा सांगितल्या आहेत, म्हणजे बोटांचा शब्दसंग्रह आपल्याकडे कमी नाही. पण एक सवय मोडावी लागते. मुद्रेला अर्थ असतो आणि नर्तक त्या अर्थाकडे जातो; वाटेतली हालचाल गोलाई घेऊन, डौलाने होते. टटिंगमध्ये आकाराला अर्थ नसतो. एका आकारातून दुसऱ्यात कसं गेलात, तेवढाच नाच. शास्त्रीय नृत्य शिकलेल्यांचे आकार पहिल्या दिवसापासून सुंदर असतात आणि वाटा गोल. त्यांनी वाटांवर काम करावं.

टेबलावर तळवा ठेवून एकेक बोट उचलण्याचा व्यायाम रोज करा, टीव्ही बघताना, बसमध्ये मांडीवर, कुठेही. अनामिका एक सेंटिमीटर उचलली तरी पुरे.

आणि आता ती लपवाछपवी. एकच बोट वेगळं दाखवायचं असेल तर दुसऱ्या हाताने बाकीची तीन धरा, पण धरल्यासारखं दिसू देऊ नका: तो हात तिथे एखादी बाजू किंवा रेषा पूर्ण करायला आला आहे असं वाटलं पाहिजे. चौकटीतूनच बघा. उजव्या तळव्याचं बूड डाव्या अनामिका-करंगळीच्या टोकांवर दाबून ठेवलं की डावी तर्जनी आणि मधलं बोट मोकळी हलतात आणि चौकटीची ती बाजू दारासारखी अर्धी उघडते. दोन हात एकमेकांना जिथे जिथे स्पर्श करतात, ती प्रत्येक जागा टेकूसाठी वापरता येते.

लाट

सगळंच काटकोनात केलं तर पाचव्या मिनिटाला बघणारा कंटाळतो. म्हणून मधे मधे लाट घालतात. उजव्या हाताची लाट: बोटांच्या टोकांपासून सुरू करा, आधी मध्य आणि टोक वाकतात, मग मूळ उचललं जातं, मग मनगट, मग कोपर. पुढचा सांधा वर गेला की मागचा सपाट. लाटेत कुठेही थांबायचं नाही, आणि म्हणूनच काटकोनांच्या मधे ती उठून दिसते. आठ मात्रांत एकच लाट पुरे. तीन घातल्या की टटिंग राहत नाही.

सराव किती

रोज पंधरा-वीस मिनिटं, रविवारी दोन तास करण्यापेक्षा बरं. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात, एकदम लांब बसलं की त्या सुजतात. पहिला आठवडाभर फक्त छप्पर आणि मनगट. कंटाळा येईल, येऊ द्या. पुढे चौकट आणि आठ मात्रा. बोटं फोडणं महिनाभराने घेतलं तरी काही बिघडत नाही.

आपली रचना बसवू लागलात की कागदावर मात्रा लिहून काढा: कुठला हात, कुठला सांधा, कुठली दिशा. बोटांच्या रचना आठवणीत फार लवकर एकमेकींत मिसळतात.

कॅमेऱ्यासमोर

मागे साधी, गडद भिंत किंवा चादर, अंगात एका रंगाचा टीशर्ट. नक्षीदार कुर्त्यावर बोटांच्या कडा हरवतात. उजेड एका बाजूने आणि थोडा वरून द्या. समोरून सपाट उजेड टाकला तर चौकटीची खोली दिसत नाही. खिडकीजवळ सकाळचं बसणं उत्तम.

फोन छातीच्या उंचीला, उभा ठेवा. वरून घेतलेल्या व्हिडिओत काटकोन तिरके होतात आणि मग लोक म्हणतात कोन चुकले. कोपरं फोनच्या चौकटीत आली पाहिजेत. नुसते पंजे दाखवले तर मनगटाचा कोन कशाच्या तुलनेत आहे हे कळत नाही. सेकंदाला 60 फ्रेम्सवर चित्रण करा, 30 वर भरभर हालचालीत बोटं पुसट होतात.

रात्री ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसत असतील तर दोष फोनचा नाही. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे असे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/100 सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. 30 फ्रेम्सवर 1/50 ठेवलं तरी जातात, पण मग बोटं पुन्हा पुसट होतात.

सेल्फी कॅमेऱ्याने शिकत असाल तर एक लक्षात ठेवा: पडद्यावर दिसतं ते आरशासारखं, पण जतन झालेला व्हिडिओ अनेक फोनमध्ये उलटा, म्हणजे बघणाऱ्याला दिसेल तसा असतो. त्यावरून स्वतःची रचना परत शिकायला बसलात तर डावं-उजवं बदलेल. सेटिंगमध्ये आरसा-प्रतिमा जतन करण्याचा पर्याय असतो, सरावापुरता तो चालू ठेवा आणि लोकांना दाखवायचा व्हिडिओ मागच्या कॅमेऱ्याने घ्या.